‘कॉन्व्हेंट’ म्हणजे श्रीमंतांची शाळा? अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांची गोष्ट वेगळी आहे

आपल्याकडे कुणी ‘पोरगं कॉन्व्हेंटला आहे’ म्हणालं की ऐकणारा मनातल्या मनात फीचा आकडा मांडायला लागतो. लग्नाच्या जाहिरातीत तर ‘कॉन्व्हेंट एज्युकेटेड’ ही जणू वेगळी पदवीच असायची. त्यामुळे आज जी गोष्ट सांगतोय ती थोडी उलटी वाटेल.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ब्लेस्ड सॅक्रामेंट नावाची एक कॅथलिक शाळा होती. २०१३ मध्ये ती बंद झाली. अमेरिकेत अशा शाळा दरवर्षी बंद पडतात, त्या एका वर्षी एकट्या न्यूयॉर्कच्या धर्मप्रांतातल्या वीसहून जास्त शाळांवर कुऱ्हाड पडली. मग याच शाळेची एवढी बातमी का झाली? कारण या शाळेतून १९६८ मध्ये आठवी पास झालेली एक मुलगी तेव्हा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश होती. सोनिया सोटोमायोर.

सोनियाचे आईवडील प्युर्टो रिकोहून आलेले. घर सरकारी वसाहतीत. वडील जेमतेम तिसरी शिकलेले, कारखान्यात कामाला, दारूचं व्यसन. ती नऊ वर्षांची असताना ते गेले. आई नर्स होती. त्या पगारात तिने दोन्ही मुलांना कॅथलिक शाळेत घातलं. पुढे मुलगी प्रिन्स्टनला गेली, येलला कायदा शिकली, २००९ मध्ये सुप्रीम कोर्टात पोचली. मुलगा डॉक्टर झाला.

आता तुम्ही म्हणाल, एका हुशार मुलीच्या गोष्टीवरून शाळा चांगली कशी ठरते? बरोबर आहे, ठरत नाही. आणि सोटोमायोर यांनी स्वतःच्या आठवणींत या शाळेतल्या नन्सची करडी शिस्त आणि मारही लपवलेला नाही. पण अमेरिकेत गेली चाळीसेक वर्षं संशोधक, अर्थतज्ज्ञ आणि राजकारणी एका प्रश्नावर भांडतायत. शहरातल्या गरीब मुलांना या शाळांमध्ये असं काय मिळत होतं, जे शेजारच्या सरकारी शाळेत मिळत नव्हतं?

मुळात या शाळा गरिबांसाठीच निघाल्या

१९व्या शतकाच्या मध्यात आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला आणि लाखो आयरिश लोक अमेरिकेत आले. त्यांच्यानंतर इटालियन आणि पोलिश आले. बहुतेक कॅथलिक, बहुतेक कंगाल. तेव्हाच्या सरकारी शाळा नावाला सगळ्यांच्या होत्या, पण तिथे बायबल वाचलं जायचं ते प्रोटेस्टंट पंथाचं. कॅथलिकांनी तक्रार केली तर ‘हे बाहेरून आलेले आम्हाला शिकवणार का’ असा सूर निघाला. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात याच वादातून दंगल झाली, चर्च जाळली गेली.

मग कॅथलिकांनी ठरवलं, आपल्या शाळा आपणच काढू. १८८४ मध्ये बाल्टिमोरला बिशपांची मोठी परिषद भरली आणि तिने फर्मानच काढलं की प्रत्येक चर्चने आपल्या वस्तीत शाळा उघडायची. चर्च कुठे होती? गोदीजवळ, कारखान्यांच्या मागे, दाटीवाटीच्या मोहल्ल्यांत. शाळाही तिथेच आल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर खरी गंमत झाली. आयरिश-इटालियन कुटुंबांकडे पैसा आला, ती उपनगरांत राहायला गेली. चर्च आणि शाळा मात्र उचलून नेता येत नाहीत. रिकाम्या झालेल्या वस्त्यांत दक्षिणेतून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं आणि प्युर्टो रिको, मेक्सिकोतून आलेले लॅटिनो राहायला आले. यातले लॅटिनो बहुतेक कॅथलिक, पण कृष्णवर्णीयांतले बहुतेक नव्हते. तेव्हा चर्चपुढे सरळ प्रश्न होता. शाळा बंद करायची, की दारात आलेल्या मुलांना शिकवायचं? अनेक ठिकाणी दुसरा पर्याय निवडला गेला. अशा रीतीने शिकागो, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाच्या काही कॅथलिक शाळांत बहुसंख्य मुलं कॅथलिक नाहीत, अशी स्थिती आली.

कोलमन नावाच्या माणसाने घातलेला घोळ

जेम्स कोलमन हे अमेरिकेतले मोठे समाजशास्त्रज्ञ. १९६६ मध्ये त्यांच्या टीमने सरकारसाठी एक अहवाल लिहिला. त्याचा सारांश सगळ्यांनी असा काढला की मुलाच्या शिक्षणावर शाळेतल्या सोयीसुविधांपेक्षा घरच्या परिस्थितीचा परिणाम जास्त होतो. म्हणजे गरीब घरातलं मूल मागे राहणार, शाळेवर कितीही खर्च करा.

याच कोलमन यांनी १९८२ मध्ये सहकाऱ्यांसोबत दुसरं पुस्तक काढलं आणि खळबळ उडाली. हजारो हायस्कूल विद्यार्थ्यांची माहिती तपासून ते म्हणाले की कॅथलिक शाळांत गरीब आणि श्रीमंत, गोऱ्या आणि अल्पसंख्याक मुलांच्या निकालातलं अंतर सरकारी शाळांपेक्षा कमी दिसतंय. सगळ्या थरांतल्या मुलांना एका पातळीवर आणणारी ‘सर्वांची शाळा’ हे सरकारी शाळेचं स्वप्न. ते कॅथलिक शाळा जास्त पूर्ण करतायत, असा त्याचा अर्थ. सरकारी शाळावाले भडकणारच.

पण हे होतं कसं? याचं मला सगळ्यात पटलेलं उत्तर १९९३ च्या एका अभ्यासात आहे, ब्राइक, ली आणि हॉलंड या तिघांचा.

त्या काळी अमेरिकेच्या सरकारी हायस्कूलमध्ये मुलांची वाटणी व्हायची. कॉलेजला जाणाऱ्यांचा एक गट, साधारण मुलांचा दुसरा, हातकामवाल्यांचा तिसरा. विषयही ढीगभर. कागदावर हे छान वाटतं, ज्याला जे झेपेल ते त्याने घ्यावं. प्रत्यक्षात ‘कुणाला काय झेपेल’ हे चौदाव्या वर्षीच कुणीतरी ठरवून टाकायचं आणि गरीब, कृष्णवर्णीय, लॅटिनो मुलं खालच्या गटात जाऊन पडायची. एकदा तिकडे गेलं की बीजगणित नाही, परकीय भाषा नाही, आणि मग कॉलेजचा रस्ता आपोआप बंद.

कॅथलिक शाळेकडे एवढे विषय शिकवायला पैसेच नव्हते! शिक्षक मोजके, वर्ग मोठे. त्यामुळे सगळ्यांना तेच गणित, तीच भाषा, तोच इतिहास. नर्सची मुलगी आणि वकिलाचा मुलगा एकाच बाकावर एकच धडा शिकणार. शाळेच्या गरिबीमुळे गरीब मुलाचा फायदा झाला, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. अर्थात फक्त गरिबी नव्हती, या मुलाला बीजगणित येऊ शकतं यावर शिकवणाऱ्यांचा विश्वासही होता.

दुसरं कारण कोलमन यांनीच १९८७ मध्ये मांडलं. शाळेभोवतीची माणसं एकमेकांना ओळखतात. हे आपल्याला पुस्तकातून समजून घ्यायची गरज नाही. चाळीत वाढलेल्या कुणालाही विचारा. पोरगं शाळा बुडवून नाक्यावर दिसलं, तर ते घरी पोचायच्या आत बातमी आईला पोचलेली असते. चर्चच्या वस्तीत तेच होतं. रविवारी ज्या बाई प्रार्थनेला शेजारी बसतात, त्याच सोमवारी वर्गात.

पण हा फरक शाळेचा, की पालकांचा?

कोलमन यांच्यावर पहिल्या दिवसापासून एक आक्षेप आहे, आणि तो दमदार आहे. फुकट सरकारी शाळा सोडून जी आई पोटाला चिमटा घेऊन फी भरते, ती आधीच वेगळी आहे. तिचं मूल कुठेही गेलं असतं तरी शिकलं असतं. शिवाय कॅथलिक शाळा त्रासदायक मुलाला काढून टाकू शकते, विशेष गरजा असलेल्या मुलाला नाही म्हणू शकते. सरकारी शाळेला ती मुभा नाही.

यावर अर्थतज्ज्ञांनी बरीच आकडेमोड केली. शिकागो विद्यापीठाचे डेरेक नील यांचा १९९७ चा निष्कर्ष सगळ्यात जास्त सांगितला जातो. शहरातल्या सरासरी अल्पसंख्याक मुलाची सरकारी शाळेतून हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता ६२ टक्के. तेच मूल कॅथलिक शाळेत गेलं तर किमान ८८ टक्के. पण त्याच अभ्यासाचा दुसरा भाग लोक सांगत नाहीत. उपनगरांतल्या आणि गोऱ्या मुलांना कॅथलिक शाळेचा विशेष फायदा दिसला नाही. म्हणजे कॅथलिक शाळेत काही जादू होती असं नाही. गरीब वस्तीतल्या मुलासमोर असलेला सरकारी पर्याय इतका वाईट होता, की ठीकठाक शाळेनेही मोठा फरक पडला.

२००५ मध्ये आल्टोंजी, एल्डर आणि टेबर या तिघांनी हेच पुन्हा तपासलं. शाळा पूर्ण करण्यावर परिणाम दिसला, परीक्षेच्या गुणांवर फारसा नाही. प्राथमिक शाळांवरच्या नंतरच्या अभ्यासांत तर गणितात कॅथलिक शाळांची मुलं पुढे नसल्याचंच दिसलं. म्हणजे दावा छाटून एवढा उरतो: मूल जास्त हुशार होत नाही कदाचित, पण शाळेत टिकतं. ज्या वस्तीत निम्मी पोरं मधूनच गळतात, तिथे टिकणं हीच मोठी गोष्ट आहे.

बिल कोण भरत होतं?

नर्सच्या पगारात दोन मुलांची खासगी शाळा परवडत होती, कारण शिकवणाऱ्यांना पगार जवळपास नव्हताच. १९५०च्या सुमारास या शाळांतले सुमारे ९० टक्के शिक्षक नन्स, ब्रदर्स किंवा फादर होते. राहायला मठ, जेवायला मठ, हातात नाममात्र मानधन. लाखो गरीब मुलांचं शिक्षण या बायकांच्या जवळपास फुकट कष्टांवर उभं होतं, आणि इतिहासात त्यांची नावं फारशी नाहीत.

१९६५च्या आसपास अमेरिकेत सुमारे १ लाख ८० हजार नन्स होत्या. आज ४० हजारांच्याही आत, आणि बहुतेक म्हाताऱ्या. मुलींना इतर करिअर उघडली, चर्चही बदललं. आज या शाळांतले ९७ टक्क्यांहून जास्त कर्मचारी पगारी आहेत. पगार, विमा, पेन्शन आलं तशी फी वाढली. फी वाढली तसा गरीब बाहेर पडला. गरीब बाहेर पडला तशी गरीब वस्तीतली शाळा आधी बंद पडली.

१९६०च्या दशकाच्या मध्यात या शाळांत ५० लाखांहून जास्त मुलं होती, शाळा १३ हजारांच्या घरात. आज मुलं सुमारे १७ लाख, शाळा ६ हजारांच्या आत.

आणि चर्चने स्वतःचं घरही स्वतः जाळलं, हे सांगायलाच हवं. फादरांनी मुलांवर केलेले लैंगिक अत्याचार आणि ते दाबण्याचे वरिष्ठांचे उद्योग २००२ मध्ये बोस्टनमधून मोठ्या प्रमाणावर बाहेर आले. भरपाईच्या दाव्यांमुळे कित्येक धर्मप्रांतांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. पालकांचा विश्वास गेला तो वेगळाच. ज्या संस्थेने गरीब मुलांना वर काढलं, त्याच संस्थेत गरीब मुलं सगळ्यात असुरक्षितही होती. एक बाजू सांगून दुसरी झाकता येत नाही.

शाळा बंद झाल्यावर वस्तीचं काय होतं? ब्रिनिग आणि गार्नेट या दोन कायद्याच्या प्राध्यापिकांनी शिकागोचा अभ्यास करून २०१४ मध्ये लिहिलं की जिथे कॅथलिक शाळा बंद झाल्या तिथे शेजाऱ्यांमधला एकोपा कमी झाला आणि बेशिस्त वाढली. दोघी तेव्हा नॉत्र दाम या कॅथलिक विद्यापीठात शिकवत होत्या, हेही लक्षात ठेवून वाचा.

मुलांनीच फी कमवायची?

१९९६ मध्ये शिकागोच्या पिल्सन या मेक्सिकन वस्तीत जेझुइट फादरांनी ‘क्रिस्तो रे’ नावाचं हायस्कूल काढलं. फी कोण देणार? त्यांनी वेगळीच शक्कल काढली. चार मुलांनी मिळून एका ऑफिसमधली एक नोकरी वाटून घ्यायची. प्रत्येकाने महिन्यातले पाचेक दिवस काम करायचं, बाकी दिवस शाळा. कंपनी त्या एका नोकरीचा पैसा शाळेला देणार, त्यातून फीचा मोठा भाग भागणार. काम म्हणजे बँकेत, वकिलाच्या ऑफिसात, हॉस्पिटलात फायली लावणं, डेटा भरणं.

चौदा वर्षांच्या पोरांना कामाला लावायचं? माझाही पहिला प्रश्न हाच होता. समर्थक सांगतात की ज्या मुलाच्या घरात कुणी कधी ऑफिसची पायरी चढलेलं नाही, त्याला तिथल्या लिफ्टमध्ये, मीटिंगमध्ये, कॅन्टीनमध्ये वावरायची सवय होते, आणि ही सवय पुस्तकापेक्षा महाग आहे. पटतं. तरी उपनगरातल्या मुलाला स्वतःची फी कमवावी लागत नाही, हेही डोक्यातून जात नाही. काही असो, मॉडेल चाललं. आज अशा सुमारे ४० शाळा आहेत आणि प्रवेश कमी उत्पन्नाच्या कुटुंबांनाच.

दुसरा मार्ग सरकारी पैशाचा. मुलामागे सरकारने ठराविक रक्कम द्यायची, पालकांनी ती हव्या त्या शाळेत न्यायची. याला व्हाउचर म्हणतात. १९९० मध्ये मिलवॉकीत सुरुवात झाली, २००२ मध्ये क्लीव्हलँडच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी धार्मिक शाळांनाही हा पैसा चालेल म्हटलं. २०२२ मध्ये मेन राज्याच्या खटल्यात कोर्ट आणखी पुढे गेलं. खासगी शाळांना पैसा देता, तर धार्मिक शाळांना वगळता येणार नाही.

त्या निकालात विरोधी मत लिहिणाऱ्यांत एक नाव होतं सोनिया सोटोमायोर. धर्म आणि सरकार यांच्यातली भिंत कोर्ट पाडत चाललंय, असा त्यांचा आक्षेप. ज्या शाळेने घडवलं, तशाच शाळांना करदात्यांचा पैसा द्यायला त्यांचा विरोध. काहींना हा कृतघ्नपणा वाटला. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. शाळा चांगली आहे आणि तिचं बिल सरकारने भरावं, ही दोन वेगळी विधानं आहेत.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे बिलाचा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. इथे वसईतल्या मराठी माध्यमाच्या कॅथलिक शाळा आहेत, मुंबईतल्या अनुदानित शाळा आहेत जिथे शिक्षकांचा पगार सरकार देतं आणि धुणीभांडी करणाऱ्या बायकांची मुलंही शिकतात. आणि भरमसाट फीच्या शाळाही आहेत. ‘कॉन्व्हेंट’ हा एकच शब्द या सगळ्यांना लागतो, घोळ तिथेच होतो.

फीवाल्या शाळेला गरिबांसाठी दार उघडता येतं का, याचं उत्तर कोलकात्यात मिळालं. सियालदा स्टेशनजवळच्या लोरेटो डे स्कूलमध्ये १९७९ मध्ये सिस्टर सिरिल मूनी या आयरिश नन मुख्याध्यापिका झाल्या. तेव्हा ७९० मुलींपैकी जेमतेम ९० गरीब घरातल्या होत्या. १९९०च्या दशकाच्या शेवटी शाळेत १,४०० मुली होत्या आणि त्यातल्या निम्म्या फी न भरणाऱ्या. १९८५ पासून फुटपाथवर, स्टेशनवर राहणाऱ्या मुलींसाठी शाळेत ‘रेनबो’ उपक्रम सुरू झाला. त्या मुलींनी जमेल तेव्हा यायचं आणि शिकवणार कोण, तर शाळेतल्याच मोठ्या मुली. कार्यानुभवाच्या तासाला एकीने एकीला घेऊन बसायचं. तयारी झाली की ती मुलगी नियमित वर्गात. पुढे काहींची रात्री राहायची सोयही शाळेच्याच इमारतीत झाली. सिस्टर सिरिल यांना २००७ मध्ये पद्मश्री मिळाली.

हे सगळं आरटीई कायदा येण्याच्या खूप आधी, कुणी सक्ती न करता झालं. २००९ च्या आरटीई कायद्याने खासगी शाळांना पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायला लावल्या. पण २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ‘प्रमती’ खटल्यात सांगितलं की अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना, अनुदानित असो वा विनाअनुदानित, हा कायदाच लागू नाही. यात अर्थातच ख्रिश्चन शाळाही आल्या. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाने २०२१ मध्ये अहवाल काढला, त्यात अल्पसंख्याक शाळांमधली फक्त ८.७६ टक्के मुलं सामाजिक-आर्थिक दृष्ट्या वंचित गटातली निघाली. ख्रिश्चन शाळांमध्ये ७४ टक्के मुलं ख्रिश्चन नव्हती.

हे दोन आकडे शेजारी ठेवा. या शाळा दुसऱ्या धर्माच्या मुलांना भरपूर घेतायत, पण गरिबांना कमी. अल्पसंख्याकांना आपली संस्था आपल्या पद्धतीने चालवायचा हक्क राज्यघटनेच्या कलम ३० ने दिलाय आणि तो हलका नाही. पण वर्गातल्या चारपैकी तीन मुलं बाहेरच्या समाजाची असताना त्यात झोपडपट्टीतलं मूल आलं तर शाळेचं अल्पसंख्याकपण कसं बिघडतं, हे मला अजून कुणी नीट समजावलेलं नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायाधीशांनीही हीच शंका काढली. न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि मनमोहन यांच्यासमोरचा खटला होता शिक्षकांच्या टीईटीचा, आणि त्यात एक बाजू महाराष्ट्र सरकारची होती. त्यांनी ‘प्रमती’च्या निकालाने सरसकट दिलेली सूट बरोबर आहे का, याचा फेरविचार व्हावा म्हणून प्रकरण मोठ्या घटनापीठासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवलं. तो निकाल फिरला, तर आरटीईच्या लॉटरीकडे डोळे लावून बसणाऱ्या पालकांच्या यादीत तुमच्या शहरातल्या कॉन्व्हेंटचंही नाव येऊ शकतं.